मागच्या डब्यातला ओरेस्ते

ओरेस्ते मेरोनीचं तोंड मी नोकरीत असताना फारसं पाहिलंच नाही. आम्ही वर्षानुवर्षं एकाच ट्रामवर होतो, पण मी पार पुढे आणि तो पार मागे. मधे शे-सव्वाशे माणसं, त्यांच्या पिशव्या, ओल्या छत्र्या आणि तो कुरकुरणारा सांधा. मला ऐकू यायची ती त्याची घंटा आणि वळणावरची त्याची आरोळी. लग्न मुरलं की बायको रोज दिसते पण तिचं बोलणं ऐकू येत नाही, असं म्हणतात. आमचं उलटं होतं.

तो गेला तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत. का याव्यात म्हणा. मिलानमध्ये ट्रामचे कंडक्टर ढिगाने होऊन गेले. पण याची नोकरी काढून घेतली तरी काम काही याला सोडेना. त्या कामानं त्याचं काय केलं, ते सांगायला आता मीच उरलोय.

ओरेस्ते शहरातला नव्हे, मिलानच्या दक्षिणेकडच्या भातशेतीतला. त्याची आई गुडघाभर पाण्यात वाकून भात निंदायची आणि हा लहानपणी या बांधावरून त्या बांधावर हाका मारून निरोप पोचवायचा. तिथून तो आवाज आला. माणूस बुटका, कान मोठे, आणि आवाज असा की चर्चमध्ये खाकरला तरी पाद्री प्रवचन थांबवेल. लढाई संपल्यावर काही वर्षांनी तो ट्रामवर लागला तेव्हा दोन सुटे डबे एका आकड्यानं जोडलेले असायचे. पुढच्या डब्यात मी ड्रायव्हर आणि एक कंडक्टर, मागच्या डब्यात दुसरा कंडक्टर. तो दुसरा म्हणजे ओरेस्ते. मागच्या डब्याला डेपोत काडीची इज्जत नव्हती. तिथे नवशिके आणि शिक्षा झालेले पाठवायचे.

मग वरच्या साहेबांनी बोटांवर हिशेब केला. दोन डब्यांना तीन माणसं लागतात. तेच डबे कापून एकमेकांना सांधले तर एक गाडी होते आणि दोघांत भागतं. कल्पना काही नवी नव्हती. माझे वडीलही ट्रामवर होते, त्यांच्या वेळी असा प्रयोग होऊन गेला होता. दोन जुने डबे आणि त्यांच्या मधे लोंबकळणारा, बिनचाकांचा चिमुकला भाग. लोक त्या गाडीला ‘दोन खोल्या आणि स्वयंपाकघर’ म्हणायचे. आमच्या जोडगाडीत स्वयंपाकघर गेलं आणि नुसता सांधा राहिला. खाली लोखंडाचं गोल तबक, वर रबरी कापडाचा भाता. वळणावर तो एका अंगाला मिटायचा आणि दुसऱ्या अंगाला उघडायचा. हिवाळ्यात त्याच्या चिरांमधून असा वारा यायचा की त्या तबकावर उभा राहणारा एकतर प्रेमात पडलेला असायचा किंवा फुकट्या.

या जोडगाडीत शेवटच्या दाराशी कंडक्टरची खुर्ची होती. ओरेस्ते तिच्यात बसला आणि डेपोतल्यांनी त्याचं नाव ‘शेपूट’ ठेवलं. मी अर्थातच ‘डोकं’. हे नाव कुणी कौतुकानं ठेवलं नव्हतं, हे मला पगार हातात पडला की कळायचं.

आता जोडगाडीला एक खोड असते. खांद्यावर शिडी घेतलेला रंगारी गल्लीत वळतो तेव्हा तो स्वतः सांभाळून वळतो, पण शिडीचं मागचं टोक कुणाच्या तरी थोबाडात बसतं. तसंच इथे. पुढचं अंग डावीकडे वळलं की मागच्या चाकांपलीकडे उरलेलं शेपूट उजवीकडे फुटपाथवर झुकतं, चांगलं हातभर. ड्रायव्हरला ते दिसत नाही, कारण तो तोवर पुढच्या रस्त्याला लागलेला असतो. आमच्या लाईनवर असं एक वाईट वळण होतं, कालव्याच्या पुलाजवळ. फुटपाथ अरुंद, रूळ त्याला खेटून, आणि नेमकं तिथेच देल्फीनाचं दूधकेंद्र. दूध, अंडी, लोणी, दुपारी कामगारांना सूप. त्यामुळे तिथे कायम गर्दी.

ओरेस्ते त्या वळणावर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर यायचा आणि ओरडायचा, “शेपूट! शेपूट आलं!” आणि मग ज्याचं त्याला. “ताई, मागे हो, एवढा नवा कोट घातलायस, बरं वाटेल का धुळीला मिळवायला?” “फादर, सरका, स्वर्गात जायची एवढी घाई?” “ए लांबनाक्या, नाक आत घे, नाहीतर पुढच्या थांब्यावर येऊन मागशील.” लोक हसायचे आणि एक पाऊल मागे घ्यायचे. शेपूट त्यांच्या पोटासमोरून झाडत निघून जायचं, ते पुन्हा पाऊल पुढे टाकायचे. मान कुणी वळवायचंच नाही. देल्फीना तर रुळांकडे पाठ करून पायरी झाडत असायची. आरोळी आली की झाडू उचलायची, एक पाऊल मागे, गाडी गेली की पुन्हा झाडायला सुरुवात. आणि आमच्याकडच्या धुक्यात मान वळवून दिसणार तरी काय होतं? कानांवरच चालायचं सगळं.

तीन फेब्रुवारीला, घसा जपणाऱ्या संताच्या, सान ब्याजोच्या दिवशी, नाताळातल्या गोड पावाचा राखून ठेवलेला शिळा तुकडा आम्ही खातो. वर्षभर घसा धरत नाही म्हणतात. त्या दिवशी देल्फीना तो तुकडा रुमालात बांधून खिडकीतून ओरेस्तेच्या हातात द्यायची. “खा,” म्हणायची, “तुझा घसा आमच्या कामाचा आहे.” ती विधवा, हा बिनलग्नाचा. डेपोत व्हायच्या त्या गप्पा झाल्याच. मीही एकदा छेडलं, “अरे, विचारून टाक की तिला.”

“कधी विचारू?” तो म्हणाला. “गाडी थांबते तेवढाच वेळ मिळतो. त्यात दूध घेऊ, सुटे पैसे देऊ, का लग्न ठरवू?”

मला वाटलं थट्टा करतोय. नंतर कळलं की करत नव्हता. पण माणसाला वाटतं, वळण काय, उद्याही येणारच आहे.

मग आल्या पुढच्या गाड्या. आधीपेक्षा लांब, नारिंगी रंगाच्या, आणि त्यांच्यात कंडक्टरची खुर्चीच नाही. खुर्चीच्या जागी भिंतीला एक डबी, तिच्यात तिकीट खुपसलं की ती शिक्का मारते. सगळ्या कंडक्टरांना हळूहळू इकडेतिकडे चिकटवलं. ओरेस्तेला डेपोच्या फाटकावर बसवलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं आपण म्हणतो. इथे हत्ती नवा आणला आणि शेपूट तेवढं कापून फाटकावर बांधलं.

तो साहेबाकडे गेला होता. मला बरोबर नेलं होतं, साक्षीला. “पगाराचं नाही म्हणत मी,” तो टोपी हातात धरून म्हणाला. “कालव्याच्या वळणावर शेपूट कोण सांगणार?”

“ड्रायव्हरला मोठा आरसा दिलाय,” साहेब म्हणाला. माणूस वाईट नव्हता. “शिवाय भिंतीवर पाटी लावू.”

“पाटी वाचायला मान वर करावी लागते, साहेब. तिथल्या लोकांना ती सवय नाही.”

“लागेल सवय. बाकीच्या शहराला नाही लागली?”

ओरेस्तेनं टोपी डोक्यावर चढवली. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, “बाकीच्या शहरात मी नव्हतो ना.” मी त्याला म्हटलं, एवढी मिजास बरी नव्हे. तेव्हा मला ती मिजासच वाटली होती.

त्यानं आपल्याकडून सांगून पाहिलं. सुट्टीच्या दिवशी वळणावर जाऊन एकेकाला बजावलं की आता मी नसणार, बघून चाला. देल्फीना हसली. “मला काय डोळे नाहीत? जा, फाटकावर बसून मस्त झोपा काढ. आणि आता तुला वेळच वेळ आहे म्हणे, तर कधी बसून सूप तरी पी.” तो त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या दुकानात टेबलाशी बसला. तिची मुलगी नीवेस तेव्हा विशीची, तिनंच वाढलं. मी तिथे होतो. इतका बावळट चेहरा मी कुणाचा पाहिला नाही, आणि इतका सुखीही.

नोव्हेंबरात धुकं उतरलं. एका सकाळी देल्फीना दुधाचे रिकामे क्रेट बाहेर रचत होती, पाठ रुळांकडे. गाडी आली. ड्रायव्हर दुसरा होता, चांगला माणूस, घंटा वाजवली त्यानं. पण घंटा काय सगळीकडेच वाजते. शेपूट फुटपाथवर झुकलं आणि तिला कमरेत लागलं. क्रेटवर पडली, तिथून दगडी कडेवर. मांडीचं हाड गेलं, मग फुप्फुसात पाणी झालं. हिवाळाभर ती हॉस्पिटलात होती आणि ईस्टरच्या आधी गेली.

ओरेस्ते ड्यूटी संपली की रोज जायचा. एकदा मीही होतो. ती उशीला टेकून बसली होती, आवाज अगदी बारीक झालेला. सहज सांगावं तसं म्हणाली, “तुझा आवाज आला नाही ना, म्हणून मला वाटलं गाडी अजून लांब आहे.”

दोष देत नव्हती ती. तेच वाईट झालं. दोष दिला असता तर तो भांडला तरी असता.

दोष नीवेसनं दिला. दफनानंतर दुकानात सगळ्यांसमोर ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, रडत नव्हती, आणि म्हणाली, “तुम्ही इतकी वर्षं ओरडला नसतात, तर माझी आई चार लोकांसारखी मान वळवून बघायला शिकली असती.”

मला संताप आला. मी मधे पडणार होतो, पण ओरेस्तेनं माझा दंड धरला. “खरं बोलतेय ती,” म्हणाला. आणि तीच तर गोची होती. ज्या माणसानं त्या वळणावर कुणाला ओरखडा येऊ दिला नव्हता, त्यानंच सगळ्या गल्लीला आंधळं करून ठेवलं होतं. हे मला नीवेसच्या आधी सुचायला हवं होतं असं नाही, पण नंतरही मी ते कबूल करायला वेळच लावला.

त्या दिवसापासून नीवेस त्याच्याशी बोलली नाही. आणि त्या दिवसापासूनच तो वळणावर उभा राहायला लागला. ड्यूटीच्या आधी सकाळी, ड्यूटीनंतर संध्याकाळी, कंडक्टरची जुनी टोपी घालून, बरोब्बर दुकानाच्या दाराशी. गाडी दिसली की, “शेपूट! शेपूट आलं!” त्यात आता थट्टा नव्हती. ना कोट, ना नाक, ना फादर. नुसतं शेपूट. पोरं त्याच्या मागून नक्कल करायची. मी गाडी घेऊन वळणावर आलो की तो मला दिसायचा. इतक्या वर्षांनी त्याचं तोंड रोज दिसायला लागलं, आणि मला ते बघवत नव्हतं.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो, चाळीसारखी सामाईक सज्जाची, तो खाली आणि मी वर. रविवारी अंगणात पत्ते आणि तांबडी वाईन. एका रविवारी त्यानं हातातले पत्ते तसेच उपडे ठेवले.

“एजिदिओ, मी ओरडलो तर ते आंधळेच राहणार. नाही ओरडलो तर आणखी कुणी मरणार. तू काय केलं असतंस?”

“मी घरी झोपलो असतो,” मी म्हटलं. “तुझा काही संबंध आहे का आता? पगार देतं कुणी?”

“मग तू झोप,” तो म्हणाला. “पान टाक.”

त्यानं प्रयत्न केले, नाही असं नाही. काही वर्षांनी एकदा ठरवलं की ओरडायचं नाही, लोकांनाच बघायला लावायचं. काठी घेऊन उभा राहिला. गाडी आली की एकेकाच्या खांद्याला काठी लावून म्हणायचा, “बघ. मागे बघ.” लोक भडकले. एका बाईनं तर पर्स उगारली. चार दिवस त्यानं दातांवर दात धरले. पाचव्या दिवशी शाळेतली एक मुलगी दप्तरातलं काहीतरी शोधत कडेला उभी, आणि गाडी वळत होती. त्याच्या तोंडून आरोळी निघालीच. मुलगी न बघता एक पाऊल मागे सरली, जशी तिची आई सरायची. संध्याकाळी तो मला म्हणाला, “मी गाडीतून ओरडायचो तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता. आईकडून शिकली असणार.” त्यानंतर त्यानं काठी सोडली. ओरडणं हे आपलं पाप आहे असं मानत तो रोज ओरडत राहिला. याहून वाईट नोकरी मला तरी माहीत नाही.

गाड्या लांबत गेल्या. दोन अंगांच्या जागी तीन अंगांच्या आल्या, दोन सांधे, दोन भाते; मी त्यांच्यावरच निवृत्त झालो. ओरेस्ते माझ्याआधी निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून दिवसभर तिथेच. भोवतालचं सगळं बदललं. चामड्याचा कारखाना गेला, तिथे फ्लॅट झाले, कालव्याच्या काठानं मद्याची दुकानं झाली. नवे लोक आले, त्यांना ही टोपी आणि ही बोंब कशाची ते ठाऊक नव्हतं. तक्रारी झाल्या. पालिकेचा शिपाई येऊन म्हणाला, “आजोबा, जरा आवाज कमी.” ओरेस्ते म्हणाला, “गाडीचं शेपूट कमी करा, मी आवाज कमी करतो.” शिपाई हसून गेला.

नीवेसनं दूधकेंद्राचं कॉफीचं दुकान केलं, पण जागा तीच. विचार करा, वर्षानुवर्षं एक माणूस तुमच्या दाराशी उभा आहे, थंडीत, पावसात, तुमच्या मेलेल्या आईसाठी, आणि तुम्ही काउंटर पुसताय. तिनं त्याला कधी हाकललं नाही. कधी आतही बोलावलं नाही. मी तिथे रोज कॉफी प्यायचो. बाहेर त्याच्याशी दोन शब्द, आत हिच्याशी दोन शब्द. सांध्यावर उभं राहणाऱ्याला वारा लागायचाच.

“त्याला एक कप दिलास तर काय बिघडेल?” मी एकदा विचारलं.

“सिन्योर एजिदिओ, तुमची कॉफी निवतेय,” ती म्हणाली. संपला विषय.

मग त्याचा घसा बसला. आधी वाटलं धुक्यानं, मग वाटलं सिगारेटींनी. हॉस्पिटलात कॅन्सर सांगितला तेव्हा तो स्वरपेटीपर्यंत पोचलेला होता. पेटी काढून टाकली. गळ्याला भोक, त्यावर बोट ठेवलं की फुसफुस करत दोन-चार शब्द निघायचे, सायकलच्या चाकातून हवा जावी तसे. त्या आवाजाला जपण्यासाठी खाल्लेले सान ब्याजोचे सगळे तुकडे फुकट गेले. मला वाटलं, सुटला बिचारा, आता घरी बसेल.

महिनाभरात तो परत वळणावर. गळ्याला रुमाल, डोक्याला टोपी. आरोळी नाही, तर हात. गाडी आली की उजवा हात सरळ आडवा धरायचा आणि लोकांना मागे ठेवायचा. आणि तिथे एक गोष्ट झाली, ती आम्ही कुणीच धरून चाललो नव्हतो. आरोळी ऐकू येईना तेव्हा लोक हात आडवा आहे का ते बघायला लागले. हात बघायला मान वळवावी लागायची. मान वळली की हाताच्या मागे गाडी दिसायची. वर्ष-दीड वर्षात त्या वळणावरचे म्हातारेसुद्धा आधी रुळांकडे बघायचे आणि मग पाऊल टाकायचे. तो हात धरायचा त्याआधीच मागे सरायचे.

मी खूश होऊन त्याला म्हटलं, “बघ, जमलं की नाही? शिकले अखेर.”

त्यानं गळ्यावर बोट ठेवलं. “मी गप्प बसल्यावर,” म्हणाला. थोडा दम घेतला. “म्हणजे आधीच गप्प बसायला हवं होतं.”

 चाळीस वर्षांच्या मेहनतीचा निकाल हा असा हातात आला होता. नीवेसनं दफनाच्या दिवशी जे सांगितलं, ते त्यानं आपला घसा देऊन खरं करून दाखवलं होतं.

त्यानंतर त्या नव्या गाड्या आल्या. हिरव्या, जमिनीला टेकलेल्या, म्हाताऱ्याला पाऊल उचलायलाही लागू नये अशा. पाच-सात तुकडे, मधे सांधेच सांधे. पोरं त्यांना सुरवंट म्हणतात. मला त्या आवडत नाहीत. ड्रायव्हर काचेआड बसतो, प्रवाशाला वाटतं आपण दवाखान्यात आलो. पण एक मान्य करायला हवं. तुकडे आखूड असल्यामुळे प्रत्येक तुकडा रुळांबरोबरच वळतो. शेपूट बाहेर येत नाही.

पहिली गाडी आमच्या लाईनवर आली त्या सकाळी मी दुकानात होतो. काचेतून सगळं दिसत होतं. ओरेस्तेनं हात आडवा धरला. गाडी वळली, आवाजही फारसा नाही. एक तुकडा गेला, दुसरा गेला, शेवटचा आला आणि फुटपाथच्या कडेला समांतर राहून सरळ निघून गेला. बोटभरही बाहेर आला नाही. लोक चढले, उतरले, पांगले. ओरेस्ते हात तसाच धरून उभा होता. मग त्यानं हात खाली घेतला आणि कोटाच्या खिशात घातला, आपला नसल्यासारखा. दुसऱ्या गाडीला त्यानं हात काढला नाही, नुसता बघत राहिला. तिसऱ्या गाडीपर्यंत तो थांबलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्या आठवड्यात आलाच नाही. दुखणं परत उलटलं होतं, पण ते आधीपासूनच असणार. तेवढ्यासाठी तो घरी बसणारा नव्हता. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी सूप घेऊन जायचो, तो दोन घोट घ्यायचा. मी पत्ते काढायचो, तो मान हलवायचा. “आता कुणाला लागत नाही,” एवढंच एकदा म्हणाला. मी म्हटलं, बरंच झालं ना रे. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मीच खिडकी लावायला उठलो.

शुक्रवारी नीवेसनं माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि गेली नाही.

“येत नाहीत ते,” ती म्हणाली.

कोण ते विचारायची गरज नव्हती. तरी मी मुद्दाम विचारलं. इतकी वर्षं मीही सोसलं होतं. “कोण?”

“ओरेस्ते.”

तिच्या तोंडून ते नाव मी देल्फीनाच्या दफनानंतर पहिल्यांदा ऐकलं. “कशाला येईल?” मी म्हटलं. “नव्या गाडीचं शेपूट बाहेर येत नाही. शिवाय तो आता फार दिवसांचा नाही.”

तिनं फडकं घेतलं, पुसलेला काउंटर पुन्हा पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यांना सांगा, रविवारी अजून जुनी जोडगाडी येते. लांबवाली. लोक तसेच कडेला उभे असतात. कुणीतरी हवं इथे.”

मी त्या लाईनवर जन्म काढलेला माणूस, आणि ती हे मला सांगत होती.  कॉफी तशीच टाकून उठलो.

ओरेस्ते जागा होता. मी खुर्ची ओढली आणि ती जे म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं. माझं काही घातलं नाही. त्याचं बोट गळ्यावर गेलं.

“रविवारी,” तो म्हणाला, “इथे एकटा डबाच येतो. बिनशेपटाचा. आपल्या वेळेपासून.”

“हो.”

“तिला माहीत नाही?”

“दुकान रविवारी उघडं असतं तिचं. दर रविवारी बघते ती.”

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग पुन्हा बोट गळ्याकडे. “काय म्हणाली? परत सांग.”

मी परत सांगितलं.

“शेवटचं.”

“कुणीतरी हवं इथे.”

“अजून एकदा,” तो म्हणाला. मी अजून एकदा सांगितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानामागे जात होतं, आणि गळ्यातल्या त्या भोकातून रडण्याचा आवाज येत नव्हता, नुसता वारा येत होता. मी त्याचा हात धरून बसलो. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

शनिवारी पहाटे तो गेला. भातशेतीकडची एक भाची आली, आणखी चार माणसं जमली. डेपोतून कुणी आलं नाही. त्याला ओळखणारं तिथे उरलंय तरी कोण? सोमवारी मी दुकानात गेलो. नीवेसला कळलं होतं. तिनं कॉफी ठेवली नाही. दोन्ही हात काउंटरवर टेकून उभी राहिली.

“सांगितलं होतं त्यांना?”

“शब्दाला शब्द.”

“खरं वाटलं?”

“नाही,” मी म्हटलं. “रविवारी इथे काय येतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?”

 बाहेर गाडी वळून गेली. मग तिनं मान हलवली, हळू, स्वतःशीच.

“मग कळलं त्यांना,” ती म्हणाली, आणि आत जाऊन नळ सोडला.